गुलाबराव महाराजांचे डोळे

अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात माधान नावाचे गाव आहे. अवघा वऱ्हाड त्याला संत गुलाबराव महाराजांचे गाव म्हणून ओळखतो. महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या त्यांच्या आजोळी झाला. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई, घर शेतकऱ्याचे. जन्मले तेव्हा बाळाला दिसत होते. नऊ महिन्यांच्या सुमारास त्याचे डोळे बिघडले, त्यांत चुकीचे औषध पडले आणि दृष्टी कायमची गेली.

पुढे याच मुलाने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. वेदान्त, भक्ती, योग, संगीत, आयुर्वेद आणि मानसशास्त्र अशा अनेक विषयांवर लिहिले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. त्यांच्या प्रज्ञेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या डोळ्यांविषयी मात्र एखादे वाक्य सांगून चरित्र पुढे जाते. त्या एका वाक्यात दडलेली गोष्ट आजही घरोघरी घडू शकते. म्हणून डोळ्यांच्या बाजूनेही हे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

एक थेंब, दोन परिणाम

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडच नव्हे, सारा देश डोळ्यांच्या आजारांनी गांजला होता. देवीच्या साथीत जीव वाचला तरी डोळे जात. गोवर, कुपोषण, खुपऱ्या, उन्हाळ्यात येणारे डोळे हे सगळे होतेच. खेड्यात डोळ्यांचा डॉक्टर नव्हता. घरात जे असेल, शेजारीण जे सांगेल, वैदू जे देईल तेच डोळ्यांत पडे. त्यात कोणाची कुचराई नव्हती. रडणाऱ्या लेकराचे चिकटलेले डोळे पाहून आईबाप हातावर हात धरून बसू शकत नाहीत.

योगायोग असा की, ज्या वर्षी गुलाबराव महाराज जन्मले त्याच वर्षी, १८८१ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातले प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. बाळंतपणात आईकडून नवजात बाळाच्या डोळ्यांना जंतुसंसर्ग होई आणि त्यातून अनेक मुले आंधळी होत. क्रेडे यांनी जन्मताच बाळाचे डोळे पुसून प्रत्येक डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकच थेंब टाकायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात दहा टक्क्यांच्या आसपास असलेले या आजाराचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले.

महाराजांचा आजार नवव्या महिन्यातला, म्हणजे नवजात बाळांच्या या आजाराहून वेगळा. तरी दोन्हींतून शिकायचे ते एकच. डोळ्यात पडणारा एक थेंब दृष्टी वाचवू शकतो आणि घालवूही शकतो. क्रेडे यांचे सिल्व्हर नायट्रेटही चुकून जास्त तीव्र झाले तर डोळा भाजून काढी, म्हणून पुढे त्याची जागा प्रतिजैविक औषधांनी घेतली. औषध कोणते, किती तीव्र, किती स्वच्छ आणि कोणत्या आजारासाठी, यावर सारे अवलंबून असते.

काच ढगाळते कशी?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, रंगीत बाहुलीच्या वर, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि त्यातले तंतू इतक्या शिस्तीने रचलेले असतात की प्रकाश अडखळत नाही. डोळ्यात शिरणारा प्रत्येक किरण आधी यातून जातो.

पारपटलाचा सर्वांत वरचा थर खरचटला तर तो एकदोन दिवसांत भरून येतो, डागही राहत नाही. पण जंतू, क्षार किंवा तीव्र औषध आतल्या थरापर्यंत पोहोचले की तंतूंची शिस्त मोडते. जखम भरते ती पांढऱ्या व्रणाने. आपल्याकडे याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. भिंतीला पडलेली भेग सिमेंटने बुजवता येते, पण काचेवर सिमेंट चालत नाही, तसेच हे आहे. जखम बरी होते आणि तीच प्रकाशाची वाट अडवते.

लहान बाळात धोका आणखी मोठा असतो. त्याला काय होते आहे हे सांगता येत नाही. ते डोळे घट्ट मिटून घेते, त्यामुळे आत टाकलेला पदार्थ पापणीखाली तसाच राहतो. शिवाय बाळाच्या डोळ्याला नुसते बरे व्हायचे नसते, त्याला पाहायला शिकायचेही असते.

मेंदूची शाळा

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लू अगदी लहान असताना काही आठवडे एक डोळा झाकून ठेवला आणि नंतर उघडला. डोळा निरोगी होता, तरी पिल्लाला त्या डोळ्याने नीट दिसेना. मेंदूतला त्या डोळ्याच्या वाट्याचा भाग दुसऱ्या डोळ्याने बळकावला होता. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला तर असे काही होत नसे. या कामासाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. महाराजांच्या जन्माला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

माणसाच्या बाळातही असेच घडते. जन्मानंतरचे पहिले काही महिने मेंदूच्या दृष्टिकेंद्राची जडणघडण सर्वांत वेगाने होते आणि पुढे सात-आठ वर्षांपर्यंत ती चालू राहते. या काळात डोळ्यात स्पष्ट प्रतिमा पोहोचली नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात. म्हणून मोतीबिंदू असो, फूल असो की मोठा चष्म्याचा नंबर असो, लहान मुलाच्या बाबतीत मोठा झाल्यावर बघू हा सल्ला घातक ठरतो.

पण मेंदूचा तो भाग रिकामा पडून राहत नाही. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या व्यक्तींच्या मेंदूच्या अभ्यासांत आढळले आहे की, डोक्याच्या मागच्या बाजूचा, एरवी पाहण्याचे काम करणारा भाग त्यांच्यात स्पर्शाने ब्रेल वाचताना आणि शब्द आठवतानाही कामाला लागतो. म्हणून प्रत्येक अंध मूल आपोआप अफाट स्मरणशक्तीचे होते असे मात्र नाही. त्या मेंदूला काहीतरी पुरवावे लागते, ऐकवावे लागते, शिकवावे लागते.

कानांनी शिकलेला मुलगा

गुलाबराव चार वर्षांचे असताना आई गेली. पुढची काही वर्षे ते लोणी टाकळीला आजीजवळ वाढले. भारतात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये निघाली ती दूर अमृतसरला. या मुलाची शाळा म्हणजे घरातली आणि देवळातली भजने, कीर्तने, पोथ्या आणि त्या वाचून दाखवणारी माणसे. एकदा ऐकलेले त्यांच्या मनात राही, अशी त्यांची ख्याती लहानपणीच झाली.

ते माधानला परतले. १८९६ मध्ये लोणी टाकळीच्याच भुयार घराण्यातल्या मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य भारताची दैना केली. अशा दिवसांत एक अंध, तरुण शेतकरीपुत्र गावोगावच्या लोकांकडून ग्रंथ वाचून घेत होता, पुस्तके जमवत होता आणि त्यावर वाद घालत होता.

१९०१ मध्ये आळंदीला त्यांना ज्ञानेश्वर महाराजांचा अनुग्रह झाला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्यानंतर ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानू लागले. मधुराभक्तीच्या वाटेने जाताना त्यांनी कुंकू, मंगळसूत्र अशी स्त्रीची सौभाग्यचिन्हेही धारण केली. वाचनाचा आवाका मात्र संप्रदायापुरता नव्हता. डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांची मते त्यांनी समजून घेतली आणि त्यांवर टीका केली. आज त्यांचे सगळे निष्कर्ष कोणी मान्य करील असे नाही, पण माधानसारख्या खेड्यात बसून, एकही अक्षर न पाहता, त्या काळच्या युरोपातल्या वादात उतरणे ही साधी गोष्ट नव्हती. मनाच्या आजारांचा आयुर्वेदाच्या अंगाने विचार करणारा मानसायुर्वेद हा ग्रंथही त्यांच्या नावावर आहे. नावंग नावाची स्वतंत्र भाषाही त्यांनी रचली.

या सगळ्याला एक बाजू आहे, ती फारशी बोलली जात नाही. त्यांना प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्याचे डोळे लागत. कोणी वाचून दाखवायचे, कोणी लिहून घ्यायचे. शिष्यांचा मेळा हा त्यांच्यापुरता भक्तांचा मेळा होता, तसाच वाचकांचा आणि लेखनिकांचाही होता. त्यांच्या पश्चात बाबाजी महाराज पंडित यांच्यासारख्या शिष्यांनी हे वाङ्मय सांभाळले. दृष्टी नसलेल्या माणसाची बुद्धी फुलायची तर त्याच्याभोवती वेळ देणारी माणसे असावी लागतात, हे या चरित्रातून स्पष्ट दिसते.

त्यांच्या हयातीतच

महाराज ग्रंथ सांगत होते त्याच वर्षांत जगात डोळ्यांचे आणि प्रकाशाचे विज्ञान झपाट्याने पुढे जात होते. १९०३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्वचेच्या क्षयावर त्यांनी एकवटलेल्या प्रकाशाने उपचार केले होते. प्रकाश हे औषध होऊ शकते, हे जगाने तेव्हा मान्य केले.

७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्याचे पारपटल बसवले आणि ते टिकले. माणसावरचे हे पहिले यशस्वी नेत्ररोपण. त्या मजुराचे डोळे चुन्याने भाजले होते. १९१३ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी लोणी आणि अंड्यांत आढळणारा, स्निग्धात विरघळणारा एक पोषक घटक शोधला. त्यालाच पुढे अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. त्याच्या अभावी मुलांचे पारपटल कोरडे पडते, विरघळते आणि दृष्टी जाते.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात महाराजांनी देह ठेवला. यांतले काहीही तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

प्रकाशाने डोळ्याचा उपचार

डोळा पारदर्शक आहे म्हणूनच प्रकाशाला तो न कापता आत नेता येतो. हा विचार पक्का झाला एका अपघातामुळे. ९ जुलै १९४५च्या सूर्यग्रहणात सूर्याकडे पाहिल्याने एका तरुणाच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग भाजला. जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तो डोळा तपासला. दृष्टिपटलावर उमटलेला डाग पाहून त्यांना सुचले की, जे अपघाताने झाले ते मोजूनमापून केले तर फाटलेले दृष्टिपटल चिकटवता येईल. आधी त्यांनी सूर्याचाच प्रकाश वापरला. आभाळ आले की शस्त्रक्रिया थांबे. नंतर विजेचे दिवे आले आणि १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर हे तंत्र जगभर पोहोचले.

आज या प्रकाशाची वेगवेगळी कामे आहेत. मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलावर हिरव्या लेसरचे सूक्ष्म ठिपके देतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, तिथेही लेसर दृष्टी वाचवतो. मात्र आजार गंभीर टप्प्यावर आढळला की दोन-तीन दिवसांतच उपचार करावा लागतो. पारपटलाचा व्रण अगदी वरच्या थरात असेल तर अतिनील लेसरने तो थर खरवडून काच पुन्हा स्वच्छ करता येते. पारपटल शंकूसारखे पुढे येत असेल तर ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील प्रकाशाने त्याला बळकटी देतात.

प्रकाशाला मर्यादाही आहेत. व्रण खोल असेल तर लेसर पुरत नाही, दान केलेले पारपटल बसवावे लागते. लहान मुलात तेही टिकवणे अवघड असते, आणि मध्ये गेलेल्या वर्षांत मेंदू पाहणे शिकलेला नसेल तर काच स्वच्छ होऊनही दृष्टी पूर्ण येत नाही. आळशी डोळ्यावर खरा उपचार म्हणजे योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी. रंगीत दिव्यांकडे पाहून नजर सुधारते, चष्मा सुटतो, अशा जाहिरातींना भक्कम शास्त्रीय आधार नाही. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे टक लावून पाहण्याचे प्रयोगही करू नयेत. १९४५च्या त्या तरुणाचे जे झाले ते कोणाचेही होऊ शकते.

काविळीच्या नवजात बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात तेव्हा त्याचे डोळे झाकलेले असतात. नातेवाईक घाबरतात, पण ती पट्टी डोळ्यांच्या रक्षणासाठीच असते. ती काढू नये.

आज घरात काय पाळावे?

बाळाच्या डोळ्यांत काजळ, सुरमा, मध, एरंडेल, तुरटीचे पाणी, कांद्याचा रस, अंगावरचे दूध यांपैकी काहीही घालू नये. डोळे चिकटले तर उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून बाहेरून पुसावे आणि डॉक्टरांना दाखवावे. घरातल्या दुसऱ्या कोणासाठी आणलेले थेंब बाळाला टाकू नयेत. दुकानातून मनानेच आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असू शकते. त्याने लाली लगेच उतरते, पण आत जंतूंचा किंवा बुरशीचा व्रण असेल तर तो वाढतो, आणि बरेच दिवस वापरले तर काचबिंदूही होऊ शकतो.

खर्रा आणि पानतंबाखूसाठी घरात येणारी चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुडी दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. झिर्म यांच्या मजुराचे डोळे ज्याने गेले, तोच हा चुना. असे झालेच तर डॉक्टरकडे धावण्याआधी जागच्या जागी स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे डोळ्यावर सोडावी, पापणी उलटून दिसतील ते कण काढावेत आणि मगच रुग्णालय गाठावे. इथे पहिली दहा मिनिटे शस्त्रक्रियेहून मोलाची असतात.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे एकूण नऊ डोस. ते चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, पालक, मेथी, लाल भोपळा, गाजर, पपई, अंडे हे सगळे आपल्या बाजारात मिळते. भाजीला थोडे तेल असले की हे जीवनसत्त्व अंगी लागते.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावे. फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकत असेल, तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसेल, डोळा तिरळा असेल, उजेड सहन होत नसेल किंवा डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर थांबू नये. अमरावतीचे इर्विन रुग्णालय, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात न्यावे. डोळा लाल आणि दुखरा असेल, किंवा काचेवर पांढरा ठिपका दिसत असेल तर त्याच दिवशी.

घरात मृत्यू झाल्यावर सहा तासांच्या आत नेत्रदान करता येते. झिर्म यांच्या शस्त्रक्रियेला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी खोल फुलाने अंधारलेल्या डोळ्याला आजही दुसऱ्याने दिलेल्या पारपटलाचाच आधार आहे.

दृष्टी गेल्यावरही माणूस किती उंच जाऊ शकतो, हे गुलाबराव महाराजांनी दाखवून दिले. त्यांच्या थोरवीला त्या नवव्या महिन्यातल्या औषधाची गरज नव्हती. आज माधानात, अकोटात किंवा मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर नऊ महिन्यांच्या बाळाचे डोळे आले, तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत नेणे आता शक्य आहे. तोवर त्या डोळ्यांत काहीही पडू द्यायचे नाही, एवढेच घरच्यांच्या हाती आहे आणि तेवढे पुरेसे आहे.